कोयंडेसाहेबांचं माप

माझ्या वहीत त्यांचं पान सत्तावन्नावं.
छाती बेचाळीस, खांदा साडेअठरा,
आणि खाली, वडिलांच्या अक्षरात :
'डावीकडे डबल कॅनव्हास. वजन आहे.'

वजन म्हणजे नऊ पदकं, एका पितळी पट्टीवर.
साधं कापड त्यांना पेलत नाही.
दीड तासाच्या झेंडावंदनात ते ओघळत जातं
आणि अख्खा माणूस कललेला दिसतो,
ओहोटीला चिखलात टेकलेल्या होडीसारखा.

नोव्हेंबर सरता सरता ते येत.
देवगडच्या बाजारात तेव्हा फवारणीच्या पंपांची गडबड,
जेटीकडे बर्फाच्या गाड्या,
आणि साहेब माझ्या दुकानात शर्ट काढून ताठ उभे.
"घे माप. माझ्याकडे बघून आकडा वाढवू नकोस."

टेप पाठीमागून पुढे येईपर्यंत
ते पट्टीवर बोट फिरवत राहत.
"ही नऊ वर्षांची. ही वीसची. ही तीसची.
यांच्यासाठी काही केलं नाही, नुसता टिकलो.
हे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं,
जहाजावर आचाऱ्यालासुद्धा मिळालं,
आणि खरं तर त्यालाच दोन द्यायला हवी होती."

तारामुंबरीचं पोर, सोळाव्या वर्षी खलाशी म्हणून गेलं,
बाहीवर अडीच सोनेरी पट्ट्या घेऊन परतलं.
पहिल्या रजेत त्यांच्या आईने एवढंच विचारलं म्हणे,
"येवडा मोठा जहाज,
आणि एक बांगडो गावणा नाय?"

एकाहत्तरचं पदक लोकांना फार आवडतं.
शाळेत मुलं विचारतात, सर, तुम्ही आग बघितलीत का?
ते मान हलवतात. मुलं त्याचा 'हो' असा अर्थ घेतात.
माझ्याकडे एकदा, बटणं लावता लावता,
मराठी शाळेतलं सोडून घरचं बोलले :
"गुण्या, मी खाली होतंय रे, बॉयलराकडे.
वर काय चल्लासा, तां पायांका कळायचा.
चार राती एक काटो बघीत होतंय,
तांबड्या रेघेच्या अल्याड रवता काय नाय.
रवलो.
तेचा ह्यां."

मी सुईत दोरा ओवत होतो.
डोळे कुठून हलवायचे नाहीत, ते मला ठाऊक आहे.

एका रिबिनीचा रंग गेलाय, कड मिठाने ताठ झालीय.
मुंबईहून नवी मागवतो म्हटलं तर म्हणाले, राहू दे.
पाणी कुठलं लागलं, ते सांगितलं नाही.
मीही तिच्यावर कधी इस्त्री फिरवली नाही.

वडील गेल्यावर आकडे माझ्या अक्षरात आहेत.
एक्केचाळीस. चाळीस. साडेएकोणचाळीस.
मधे एका वर्षी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर,
पाव इंच वाढलं होतं.
तेव्हा त्यांनी समोरच्या हॉटेलातून
सगळ्या दुकानाला चहा मागवला.
पदकं मात्र नऊच्या नऊ.
पट्टी आता बाहीच्या शिवणीला भिडते,
हात उचलून सलाम करताना टोचत असणार.

यंदा ब्लेझर एकटाच आला,
बर्फाच्या गाडीतून, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर,
हँगरला टांगलेला, पट्टा लावल्यासारखा सरळ.
निरोप आला : गेल्या वर्षीचंच माप धर.

मी धरलं नाही.
गेल्या आठवड्यात सड्यावरच्या रस्त्याने
सून त्यांना हाताला धरून नेत होती,
तेव्हा पाठीमागून बघून घेतलं होतं.
दोन्ही कुशींना मिळून दीड इंच आत घेतलं,
कॅनव्हास नवा घातला.
कापड कुठेही कापलं नाही.
शिवणीत माया सोडलीय,
वडील सोडायचे त्याहून जास्त.

वहीत आकडा लिहिलेला नाही.
चार तारखेला सकाळी सातला गाडी परत येईल,
मी पहाटेच इस्त्रीत कोळसे घालून ठेवलेत.